तोंडपाठ

२०२० सालचा उन्हाळा. लॉकडाऊन चालू होता, चर्च बंद होतं. आमच्या पाळकसाहेबांनी एक युक्ती काढली. प्रत्येक घराने आळीपाळीने आपली प्रार्थना फोनवर रेकॉर्ड करायची आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. आमची पाळी आली तेव्हा अर्थातच मला पुढे केलं गेलं. मी शाळेत शिकवते, बोलायची सवय आहे. साडेतीन मिनिटं, एका दमात, कुठे अडखळणं नाही. लगेच "आमेन ताई", "फार आशीर्वाद मिळाला ताई" असे पंधरावीस निरोप आले. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, चांगलंच बरं वाटलं.

रात्री ओटा आवरताना सहज ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. पहिल्यांदा आवाजच ओळखू येईना. स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन करताना मी जो आवाज काढते, तो होता. मग गंमत म्हणून मोजायला लागले. "प्रभू" हा शब्द एकोणतीस वेळा. "आशीर्वादित कर" अकरा वेळा. आता मला सांगा, तुमच्याशी बोलताना कुणी साडेतीन मिनिटांत एकोणतीस वेळा तुमचं नाव घेतलं तर तुम्ही काय समजाल? एक तर हा काहीतरी विकायला आलाय, नाहीतर याला पुढचं वाक्य सुचत नाहीये.

हसू येत होतं. मग ते वाक्य आलं, "प्रभू, दादाच्या कुटुंबालाही आशीर्वादित कर."

हसू थांबलं. कारण तेव्हा मी दादाशी सव्वा वर्ष बोललेली नव्हते.

नात्यातल्या मंडळींना हे प्रकरण अर्धंमुर्धं माहीत आहे. उरलेलं आज सांगते, दादाला विचारूनच. तो म्हणाला, "लिही, पण बागेचं नीट लिही. मी आळशी नव्हतो." तर आधी बागेचं नीट लिहिते. दादा राहतो इंदापूरच्या अलीकडे, मी बारामतीत. २०१७ साली ठिबक बदलायला आणि डाळिंबाचा बहार धरायला त्याला पैसे हवे होते. मी एक लाख वीस हजार दिले. लिहून बिहून काही घेतलं नाही, भावाकडून कोण घेतं? पुढच्या वर्षी मृग बहाराला बागेवर तेल्या आला. ज्यांना शेतीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा जिवाणूंमुळे होणारा रोग आहे. फळावर तेलकट डाग पडतात, मग फळ तिथेच तडकतं. दमट हवेत आणि पावसाच्या शिंतोड्यांनी तो झाडाझाडांवर पसरतो. दादाने फवारण्या केल्या, रोगट फांद्या छाटून जाळल्या, शेवटी बाग काढली. माणसाच्या हातात होतं ते सगळं केलं.

हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी २०१९ च्या सुरुवातीला त्याने जुनी मोटरसायकल घेतल्याचं तिसऱ्याकडून कळलं आणि माझं डोकं फिरलं. भांडण झालं नाही. मी फोन करायची बंद झाले. शरमेने तोही करेना. आणि या सगळ्या काळात आमच्या घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत मी रोज त्याच्या घराला आशीर्वाद मागत होते! मनात कुठे टोचलंही नाही. टोचणार कसं? ते सगळं तोंडपाठ होतं.

आता एक गंमत बघा. आमच्यासारख्या मंडळ्यांत छापील प्रार्थनापुस्तक नसतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बारामतीच्या भागात ऑस्ट्रेलियातल्या 'चर्चेस ऑफ ख्राईस्ट'चे मिशनरी काम करायला आले. त्या परंपरेत दर रविवारी प्रभुभोजन असतं आणि प्रार्थना आपापल्या शब्दांत करायची असते. लहानपणी आम्हाला याचा केवढा अभिमान! ते दुसरे लोक पुस्तकातून वाचतात, आम्ही मनातून करतो. पण मनातून म्हणता म्हणता आमचंही एक अदृश्य पुस्तक तयार झालंय. सुरुवात कशी करायची, आजारी माणसांवर कधी यायचं, "नम्र विनंती" कुठे आणि आवाज कुठे कापरा करायचा, सगळं ठरलेलं. छापील प्रार्थनेत निदान कुणीतरी विचार करून शब्द निवडलेले असतात. आमच्या तोंडपाठ उत्स्फूर्ततेत तेही नाही.

म्हणजे पाठ केलेली प्रार्थना खोटी आणि सुचलेली खरी, असं मला म्हणायचं नाही. आमची आजी निरक्षर होती. ती चाळीस वर्षं रोज तीच चार वाक्यं म्हणत असे, आणि ती म्हणताना तिच्याकडे बघवत नसे, इतकी ती त्यात असायची. शुभवर्तमानात येशू निरर्थक बडबड करू नका असं बजावतो, आणि तोच येशू गेथशेमानेत तीनदा जाऊन तीच प्रार्थना करतो. तेव्हा पुन्हा पुन्हा म्हणणं हा दोष नव्हे. शब्द सजवणं हाही नव्हे. आमच्या बारामतीचे मोरोपंत (१७२९–१७९४) घ्या. निरोष्ठ रामायण, म्हणजे ओठ न लावता म्हणता येईल असं रामायण रचणारा हा माणूस. शब्दांची कसरत याच्याइतकी कुणी केली नसेल. पण त्यांनीच 'केकावली' लिहिली. केका म्हणजे मोराची हाक. पृथ्वी वृत्ताच्या कडक चौकटीत बसवलेला तो देवाचा धावा आहे, आणि चौकट आहे म्हणून हाक खोटी वाटत नाही.

मग दोष कशात होता? मला वाटतं, मी जे बोलत होते ते खरं आहे का, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं यात.

त्या रात्री मी ठरवलं, आजपासून फक्त खरी असतील तीच वाक्यं बोलायची. सोपं वाटतंय ना? करून बघा. सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरात स्टुलावर बसले. "हे दयाळू पित्या" म्हणायला तोंड उघडलं आणि थबकले. त्या क्षणी मला तो दयाळू वाटत होता का? शाळा बंद, पगाराचं काय होणार ठाऊक नाही, फोनवर रोज कुणाच्या तरी मरणाची बातमी. ते वाक्य सोडलं. "मी तुझ्यावर प्रीती करते." हेही तपासून बघावं लागेल, तूर्त बाजूला. असं करत करत वीस मिनिटांत दोन वाक्यं निघाली. "मला दादाचा राग आलाय. मला माझे पैसे हवेत."

बस्स. आमेनसुद्धा म्हणवलं नाही.

तुम्ही म्हणाल, ही काय प्रार्थना झाली? मलाही तेच वाटत होतं. पण स्तोत्रसंहिता पुन्हा वाचायला घेतली तेव्हा चकित झाले. दीडशे स्तोत्रं. त्यातल्या कितीतरी स्तोत्रांत तक्रार आहे, रडणं आहे, देवाला जाब विचारणं आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. एकशे सदतिसाव्याचा शेवट इतका सूडाचा आहे की तो आम्ही उपासनेत कधी वाचत नाही. ही स्तोत्रं ज्यांनी शास्त्रात राहू दिली, त्यांना देवापुढे काय बोलावं याची समज आपल्यापेक्षा कमी नव्हती. देवाला आपला राग माहीत असतोच. तो झाकून गोड बोलण्यात आपण फसवतो ते स्वतःला.

महिनाभर ती दोन वाक्यं चालली. मग त्यात भर पडायला लागली, आणि ही भर मला अपेक्षित नव्हती. एका रात्री लक्षात आलं की "मला पैसे हवेत" हे पूर्ण खरं नाही. पैशांची नड होती, पण आग त्याची नव्हती. बाग काढली तेव्हा दादाने मला सांगितलं नाही, हे दुखत होतं. आणखी काही आठवड्यांनी त्याच्याही खालचं निघालं. पैसे देताना मला मोठं वाटलं होतं. लहानपणापासून ज्याच्या मागे मागे फिरले, तो दादा माझ्याकडे मागायला आला होता. ते मोठेपण त्याने परत केलं नाही, याचा राग होता! हे कळलं त्या रात्री स्वतःचीच इतकी लाज वाटली की दिवा न लावता बसून राहिले.

विचारपूर्वक प्रार्थना म्हणतात ती हीच असावी. उत्तम शब्द शोधणं नव्हे, तर वाक्य उचलून त्याच्या खाली काय आहे ते बघणं. याला वेळ लागतो आणि कष्ट पडतात. इथून फार लांब नाही ते केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी रमाबाईंच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलेला नाही. हे त्यांनी स्वतः १९०७ च्या आपल्या साक्षीत उघडपणे लिहिलं. एवढी विदुषी, जगभर नाव झालेली. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? पुढे त्याच बाई हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळं बायबल उतरवत १९२२ मध्ये मरेपर्यंत खपल्या. देवाशी बोलायची भाषा समजून वापरावी यासाठी माणूस किती कष्ट घेऊ शकतो, हे बघायला आम्हाला लांब जायची गरज नाही.

लॉकडाऊन उठला, चर्च पुन्हा सुरू झालं, आणि माझी नवीनच पंचाईत झाली. उपासनेच्या शेवटी सगळे मिळून प्रभूची प्रार्थना म्हणतात. मत्तयाच्या मराठी शुभवर्तमानात त्या प्रार्थनेत क्षमेच्या ठिकाणी शब्द आहे 'ऋण'. लूकमध्ये 'पाप' आहे, पण आम्ही म्हणतो ते मत्तयातलं. इतकी वर्षं ऋण म्हणजे काहीतरी आध्यात्मिक असणार असं समजून म्हणत आले. आता माझ्यापुढे खरोखरचं ऋण होतं, एक लाख वीस हजारांचं. शिवाय मराठीत ते क्रियापद भूतकाळी आहे. आम्ही सोडू असं नाही, सोडलं आहे असं. आणि त्याच्या मापाने आमचंही सोड.

मला ते म्हणता येईना. त्या वाक्यापाशी आलं की मी तोंड मिटायची आणि पुढच्या वाक्याला सगळ्यांत सामील व्हायची. शेजारी बसणाऱ्या मावशींनी दोनतीन रविवारी बघितलं आणि बाहेर आल्यावर काळजीने विचारलं, "घसा बसलाय का गं? हळद-दूध घे." मी "हो" म्हणाले. झालं, प्रार्थनेत खरं बोलायचं म्हणून मावशींशी खोटं!

असं वर्षदीड वर्ष चाललं. आज विचार करते तेव्हा वाटतं, ते गप्प राहणं पूर्ण बरोबर होतं का? दुसरी बाजूही आहे. काही वाक्यं आपल्यापेक्षा मोठी असतात. लहान मुलाला थोरल्याचा सदरा घालतात तशी ती आपल्याला आधी दिली जातात, अंग नंतर भरतं. खरी होईपर्यंत म्हणायचीच नाहीत असं ठरवलं, तर आयुष्यभर तोंड उघडायला नको. हे मला पटतं. पण सदरा मोठा होतोय हे कळायला तरी हवं ना? मला ते इतकी वर्षं कळलंच नव्हतं. म्हणून मी म्हणेन की माझ्यापुरतं ते मौन औषधासारखं होतं. औषध जेवणासारखं कायम घ्यायचं नसतं, इतकंच.

२०२२ साली दोन वर्षांच्या खंडानंतर तुकोबांची पालखी पुन्हा पायी निघाली. आधीची दोन वर्षं पादुका एसटीने पंढरपूरला नेल्या होत्या. पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, म्हणजे माझ्या घरून दादाच्या घरी जायचा रस्ताच तो. आम्ही ख्रिस्ती असलो तरी पालखीच्या दिवसांत या रस्त्यावरच्या माणसाला तुकोबांपासून लांब राहता येत नाही. रेव्हरंड टिळकांनी तर म्हणूनच ठेवलंय की आपण ख्रिस्तापाशी तुकोबांच्या पुलावरून आलो.

त्या वर्षी वारकऱ्यांना चहा देताना मला एकदम तुकोबांची खतं आठवली. शाळेत मुलांना दरवर्षी सांगते ती गोष्ट. घरात सावकारी होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात घरची माणसं गेली. मग तुकोबांनी लोकांची कर्जखतं बाहेर काढली आणि इंद्रायणीत बुडवली. पण सगळी नाही. धाकट्या भावाची, कान्होबाची, निम्मी वाटणी त्याला देऊन टाकली आणि फक्त आपल्या वाट्याची बुडवली. दरवर्षी सांगत असून हा निम्म्याचा तपशील मी कधी नीट ऐकलाच नव्हता. दुसऱ्याच्या वाट्याचं सोडून देऊन मोठेपणा घ्यायचा नाही. आपल्याला जे खरोखर सोडता येतं, ते सोडायचं.

पालखी पुढे गेल्यावरच्या आठवड्यात मी एसटीत बसले. पालखीमार्गाच्या रुंदीकरणाचं काम चालू होतं, रस्ताभर धुरळा. खिडकीशी बसून काय बोलायचं ते मनात घोकत होते. बघा, पुन्हा तोंडपाठ!

वहिनींनी दार उघडलं, "या" म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत. दादा पाऊस-पाण्याचं बोलत राहिला. घोकलेलं सगळं विसरले. म्हणाले, "दादा, मी रोज प्रार्थनेत तुझं नाव घेत होते आणि रोज खोटं बोलत होते."

तो खाली बघत बसला. मग म्हणाला, "तू निदान बोलत तरी होतीस. मी सोडूनच दिलं. बहिणीचे पैसे बुडवून कुठल्या तोंडाने बसायचं देवापुढे?"

हे मला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं दादा चर्चला गेला नव्हता. मी त्याच्यासाठी आशीर्वाद मागत होते आणि माझ्याच अबोल्याने त्याचं तोंड बंद केलं होतं. वेदीपाशी आल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जा, असं येशू सांगतो. हे मी रविवारच्या वर्गात मुलांना कितीदा शिकवलंय! मात्र त्यात आपण निघून जायचं असतं, हे माझ्या पायांपर्यंत कधी पोचलं नव्हतं.

मग पैशांचं बोललो. "राहू दे रे, सगळं विसर" असं म्हणायचा मोह फार झाला. छान दिसलं असतं. पण ते खोटं झालं असतं, मी विसरणार नव्हते हे मला माहीत होतं. लेकीच्या शिक्षणाला पैसे लागणारही होते. मी म्हटलं, "दादा, निम्मे मी सोडले. निम्मे मला लागतील. जमेल तसे दे." तो पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, "चालेल." निघताना आम्ही दोघांनी प्रार्थना केली. दादाने एकच वाक्य म्हटलं, ते इथे लिहीत नाही. त्यात "प्रभू" एकदाच होतं.

साठातले पस्तीस हजार आजवर आलेत. येशूने निम्मं सोडा असं कुठे म्हटलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. दादाचा हप्ता लांबला की अजूनही माझ्या कपाळावर आठी येते. पण आता आठी आली की रात्री तीच देवापुढे ठेवते, तिच्यावर पांघरूण घालत नाही. रविवारी ते वाक्य पुन्हा म्हणायला लागले आहे. पूर्ण आवाजात नाही, निम्म्या. मावशी म्हणतात घसा सुधारतोय.

प्रार्थना कशी करावी यावर उपदेश द्यायची माझी पात्रता नाही. पण एक मत मात्र पक्कं झालंय. देवापुढे एक खरं वाक्य बोललं की ते आपल्याला कुठेतरी जायला लावतं. माझ्या बाबतीत ते इंदापूर निघालं. पन्नासेक किलोमीटर जायला मला तीन वर्षं लागली. आणि जी प्रार्थना वर्षानुवर्षं म्हणूनही आपल्याला जागचं हलवत नाही, तिच्यातलं एखादं वाक्य उचलून खाली बघावं. बहुधा तिथे कुणाचं तरी नाव असतं.

तुमच्या प्रार्थनेत, मग ती कुठल्याही देवापुढची असो, असं अडणारं वाक्य आहे का? असेल तर सांगा. आणि नात्यातल्या मंडळींनो, दादाला फोन करून "ताईने तुझ्यावर लिहिलंय" असं सांगायची घाई करू नका. त्याने आधीच वाचलंय. तेल्याचा परिच्छेद त्याला पसंत आहे.